सदर महिला

बन्सीनं सोमवारचे पेपर टेबलावर आणून टाकले, तेव्हा मच्छिंद्र टेळे कात्रीच्या खिळीत खोबरेल सोडत होता. उन्हाळा सुरू झाल्यापासून कात्रीला उसंत नव्हती.

"भाऊसाहेब, आज एकच हाय," बन्सी म्हणाला. "पण साहेबांनी घरीच वाचलीया. आल्या आल्या मागतील."

बन्सी या कचेरीचा शिपाई. पेपर फोडून त्यातल्या नको त्या बातमीवर पेन्सिलनं फुली मारून आणायची सवय त्यानं स्वतःच लावून घेतली होती.

२००३ सालचा तो उन्हाळा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या टंचाईचं काम पाहायला म्हणून दौंडात एक कार्यालय उघडलेलं होतं. रेल्वेच्या चाळींमागं, भाड्याच्या इमारतीत. कुठल्या वस्तीला टँकर, कुठं चाऱ्याची छावणी, कुठं रोजगार हमीचं काम, याचे कागद तिथून हलायचे. मच्छिंद्र तिथं वरिष्ठ लिपिक होता, पण त्याचं खरं काम निराळं होतं. कार्यालयाच्या विरोधात पेपरात काही छापून आलं की ते कापायचं, कोऱ्या कागदावर डकवायचं, समासात पेपरचं नाव आणि तारीख घालायची आणि त्याच दिवशी खाली खुलासा लिहून साहेबांपुढं ठेवायचा. आधीच्या कचेऱ्यांत धरून अकरा वर्षं तो हेच करत होता. त्याच्याइतकं घोटीव सरकारी मराठी जिल्ह्यात कुणाला जमत नाही, असं वरचे लोक म्हणायचे, आणि एखादा नवा अधिकारी आला की चार्ज देणारा त्याच्या कानात सांगून जायचा, की टेळेंना सोडू नका.

'सदर बातमी वस्तुस्थितीला धरून नाही.' 'असा प्रश्नच उद्भवत नाही.' 'यंत्रणा सतर्क आहे.' ही वाक्यं आता त्याच्या डोक्यातून यायची नाहीत, परभारे हातातून उतरायची. साहेब सही करायचे, फॅक्स जायचा. पुण्याचे मोठे पेपर तो खुलासा आतल्या पानावर, बारीक टायपात घालायचे. तालुक्यातली साप्ताहिकं पहिल्या पानावर घ्यायची, कारण त्यांचं वर्ष पैसे घेऊन छापायच्या सरकारी नोटिसांवर निघायचं. शिरूरच्या 'घोडकाठ' साप्ताहिकाच्या आनंदरावांनी मागं एकदा एक खुलासा छापला नव्हता. सहा महिने त्यांच्याकडं एक नोटीस गेली नाही. त्यानंतर आनंदराव प्रत्येक खुलासा पहिल्या पानावर, चौकटीत, अक्षरही न बदलता छापू लागले. मच्छिंद्रनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांची बातमी कोणती, हे तो खाली नाव नसतानाही ओळखायचा.

मच्छिंद्रचं वय छप्पन्न. बायको सुषमा आठ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. रेल्वेच्या यार्डाजवळच्या एका खोलीत तो राहायचा. संध्याकाळी भाकरी थापायची, रेडिओ लावायचा, आणि कापून उरलेले पेपर घरी आणलेले असायचे ते वाचत बसायचं. त्या पेपरांना जागोजागी चौकोनी भोकं असायची. भोकांच्या कडेकडेनं वाचायची त्याला इतकी सवय झाली होती, की आख्खा पेपर हातात आला तर कुठून सुरू करावं हे त्याला कळायचं नाही.

त्या सोमवारची बातमी एका कॉलमाची होती. कान्हूरच्या माळावरील एका वस्तीवर शनिवारी टँकर विहिरीत रिकामा होताना पाण्यासाठी झुंबड उडाली. एक महिला विहिरीत पडून गंभीर जखमी. टँकर नऊ दिवसांनी आल्याचा ग्रामस्थांचा आरोप.

कान्हूरच्या माळावर त्याची थोरली बहीण दिली होती. म्हाळसा. गडदेवस्तीवर, हरिबा गडद्याच्या घरात. बातमी वाचताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण त्या माळावर वस्त्या काय थोड्या होत्या? चाळीस तरी असतील. तरीही तो उठला. ग्रामसेवकाला फोन लावून विचारावं म्हणून साहेबांच्या खोलीकडं निघाला, कारण फोन तिथंच होता. तेवढ्यात साहेब जिन्यातूनच बोलत आले. दुपारी पुण्याला बैठक होती आणि त्याआधी खुलासा जायला हवा होता.

मच्छिंद्र मागं फिरला. त्यानं टँकरच्या लॉगबुकची प्रत काढली. नऊच्या नऊ दिवस, रोज दोन खेपा. एकाच निळ्या पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात, एका बैठकीत भरलेल्या. असं लॉगबुक ओळखायला त्याला चष्मासुद्धा लागत नसे. त्यानं ते मिटलं आणि लिहायला घेतलं. 'सदर वस्तीस दैनंदिन दोन खेपा नियमितपणे सुरू असून झुंबड उडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सदर महिला पाय घसरून किरकोळ जखमी झाली असून तिची प्रकृती स्थिर आहे.' किरकोळ, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बातमीत 'गंभीर' असलं की खुलाशात 'किरकोळ' व्हायचं, इतकंच. दहा मिनिटांत कागद सहीला गेला. फोन करायचा राहून गेला.

मंगळवारी दुपारी साहेबांच्या खोलीतून त्याला बोलावणं आलं. फोनवर शंभू होता, म्हाळसाचा मुलगा. पुण्यातल्या सरकारी दवाखान्याबाहेरच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. आई विहिरीत पडलीय, कंबरेतनं मोडलीय, डोक्याला मार हाय, तुम्ही या. बाकीचं मच्छिंद्रला ऐकू आलं नाही.

म्हाळसा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं-माणसांचा सगळा वाडा कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. राहू गावच्या शाळेतल्या गुरुजींनी बापाला सांगितलं होतं, की पोराला डोकं आहे, त्याला मेंढरांमागं नेऊ नका. पण मेंढरांमागं कुणीतरी जायला हवंच होतं. मग म्हाळसा गेली. घोड्यावर कोकरांच्या पाट्या लादून, अनवाणी, घाट उतरून. ती कोकणात गेली म्हणून तो मावशीकडं राहून शाळेत गेला, इतकं ते साधं होतं. ती हे कधी बोलून दाखवत नसे. भाऊबीजेला तो वस्तीवर जायचा, ती ओवाळायची, आणि आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "ह्यो माजा भाव. कचेरीत लिवतो." काय लिहितो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दवाखान्यात ती वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होती. डोकं बांधलेलं, डोळ्यांखाली काळंनिळं. कंबरेखाली तिला काही कळत नव्हतं. शंभू औषधं आणायला खाली गेला होता. मच्छिंद्र स्टूल ओढून बसला, तसे तिनं डोळे उघडले.

"कचेरीतनं सुटी मिळाली का रं?"

मिळाली, म्हणून त्यानं मान हलवली.

"टँकर आलता, मच्छू. म्या हंडा भरलाबी हुता. मागनं रेटा आला."

"बोलू नगंस, अक्का."

"तुज्या कचेरीत सांग," ती म्हणाली. एकेक शब्द वेचून काढल्यासारखी बोलत होती. "रोज नगं म्हणावं. एक दिसाआड पाठवा."

त्यानं सांगतो म्हटलं. ती परत झोपली. ती बोललेलं ते शेवटचंच. गुरुवारी पहाटे ती गेली, आणि दुपारपर्यंत तिला वस्तीवर आणून माळाच्या कडेला अग्नी दिला.

शनिवारी राख सावडून माणसं अंगणात येऊन बसली. कान्हूरहून आलेल्या एका पाहुण्याच्या पिशवीत शुक्रवारचा 'घोडकाठ' होता. शंभूनं तो घेतला. तो बारावीपर्यंत शिकलेला होता. आत्ता पोल्ट्रीवर कामाला जायचा. पहिल्या पानावर चौकटीत खुलासा होता. त्यानं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. सावकाश, शाळेत धडा वाचावा तसा. 'सदर महिला पाय घसरून किरकोळ जखमी झाली असून तिची प्रकृती स्थिर आहे.' वाचून झाल्यावर त्यानं पेपर खाली ठेवला नाही.

"हितं राख गोळा करून आलोय आपुन," तो म्हणाला, "आन् पेपरात तिची पर्कृती स्थिर हाय."

हरिबा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती की पाणी नव्हतं.

"मामा, ह्ये तुमच्याच हपिसाचं हाय न्हवं? कोन लिवतं ह्ये?"

"हपिसातनं जातं," मच्छिंद्र म्हणाला.

"हपिसाला हात असत्यात व्हय, मामा?"

शंभूनं ते सहज विचारलं होतं, रोख ठेवून नाही. मामाच तो, हे त्याच्या मनातही आलेलं नव्हतं. उलट मामाला ठाऊक असेल, मामा त्या माणसाचं नाव सांगेल, असं त्याला वाटत होतं. मच्छिंद्र खाली मान घालून बसून राहिला. मग कुणीतरी चहा आणला आणि बोलणं दुसरीकडं वळलं.

सोमवारी तो कामावर रुजू झाला. रजेच्या अर्जात त्यानं फक्त 'बहीण आजारी' इतकंच लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, तर गेली म्हणाला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं, बहिणीचं वय विचारलं, हळहळले. मग थोडं थांबून ड्रॉवरमधून पेपर काढला. विहिरीत पडलेल्या त्या बाईचा मृत्यू झाल्याची बातमी पुण्याच्या पेपरात आली होती. याही वेळी वस्तीचं नाव नव्हतं, बाईचं नव्हतं. आठवडाभरात दुसरा खुलासा लागणार, हे त्यांनाही बरं वाटत नव्हतं, पण वरून विचारणा झाली होती.

सांगावं, असं मच्छिंद्रला एकदा वाटलं. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ती हीच. पण अकरा वर्षं त्याला जे सांगायचं असेल ते त्यानं कागदावरच सांगितलेलं होतं. तो कात्रण घेऊन टेबलाशी आला. मग लिहिलं: 'सदर बातमीची चौकशी करता ती वस्तुस्थितीला धरून आहे.' खाली तारीख घातली आणि फाईल आत पाठवली.

पाच मिनिटांत फाईल परत आली. साहेबांनी 'आहे' वर काट मारून 'नाही' केलं होतं. पुढं स्वतःच्या हातानं एक वाक्य जोडलं होतं, की सदर महिलेस पूर्वीपासून चक्कर येण्याचा विकार होता. मागोमाग साहेब स्वतःच दारात आले. आवाज उतरवून म्हणाले, "टेळे, घरातलं माणूस गेलंय. अशा वेळी हातून चूक होतेच. हवी तर अजून दोन दिवस रजा घ्या."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं खरं लिहिलं होतं, आणि ते चूक म्हणून दुरुस्त झालं होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंकाही नव्हती. नुसती कणव होती. मच्छिंद्रनं कोरा कागद घेतला आणि आपल्या घोटीव अक्षरात पक्की प्रत केली. 'नाही' सकट. चक्करीसकट. बहिणीला कधी साधं डोकं दुखलेलं त्याला आठवत नव्हतं. फॅक्सच्या मशीनमधून तो कागद हळूहळू आत ओढला जाताना तो बघत उभा राहिला.

तो आठवडा त्यानं कसा काढला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. चूल पेटवली नाही. पेपर घरी आणायचं सोडलं. शुक्रवारी 'घोडकाठ'मध्ये दुसरा खुलासाही चौकटीत आला असणार, हे न बघता त्याला कळलं. रविवारी सकाळी तो न्हावऱ्यावरून जाणाऱ्या शिरूरच्या एसटीत बसला.

आनंदरावांचा छापखाना बाजाराच्या मागं एका बोळात होता. एकच लांबडी खोली. तिच्यात ट्रेडल मशीन, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या केसेस आणि शाईचा वास. आनंदराव सत्तरीच्या घरातले, बंडी घातलेले, एका लग्नपत्रिकेची जुळणी करत उभे होते. मच्छिंद्रनं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं, हातातलं सगळं ठेवलं आणि स्टूल पुढं केलं.

"म्हणजे 'प्रश्नच उद्भवत नाही', ते तुम्हीच," ते म्हणाले.

त्यात टोचणी नव्हती. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला अखेर पाहिल्यासारखं ते बोलले. त्यांनी सांगितलं, की मदतीचा माणूस सोडून गेल्यापासून ते सगळे खुलासे स्वतःच जुळवत होते, आणि एवढ्या वर्षांत कानामात्रेची चूक कधी सापडली नाही. एकदा एक खुलासा छापला नव्हता तेव्हा सहा महिने नोटिसा बंद झाल्या. बायकोनं विचारलं, एक कागद छापायला तुमचं काय जात होतं. तेव्हापासून सगळे छापत आले.

मच्छिंद्रनं खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. आनंदरावांनी तो उजेडाकडं धरला.

'मागील दोन अंकांत ज्या सदर महिलेबद्दल सरकारी खुलासे आले, तिचं नाव म्हाळसा हरिबा गडदे. ती माझी थोरली बहीण. गडदेवस्तीवर नऊ दिवस टँकर आला नव्हता. दहाव्या दिवशी आला, तेव्हा गर्दीत ती विहिरीत पडली आणि पाच दिवसांनी वारली. तिला चक्कर येत नव्हती. दोन्ही खुलासे मी लिहिले. ते खरे नाहीत. मच्छिंद्र धोंडिबा टेळे, वरिष्ठ लिपिक.'

आनंदरावांनी तो दोनदा वाचला. नंतर चष्म्याच्या काचा धोतराला पुसल्या. मग त्यांनी पुढं काय काय होईल ते एकेक करून सांगितलं. मच्छिंद्रचं काय होईल, ते त्यालाही ठाऊक होतं. आपल्या पेपरचं काय होईल, तेही त्यांनी सांगितलं, पण ते सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही.

"वरिष्ठ लिपिक हे गाळू का?"

"राहू द्या."

"घरी जाऊन विचार करा, भाऊसाहेब. मी गुरुवारी मशीन चालवतो. तोवर तुम्ही आला नाहीत तर छापेन."

ते त्याला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. जाताना म्हणाले, की पत्रातलं मराठी खुलाशांपेक्षा निराळं आहे. मच्छिंद्र म्हणाला, हे घरचं आहे. गुरुवारपर्यंत तो शिरूरला गेला नाही.

अंक टपालानं सोमवारी कचेरीत आला. बन्सीनं तो टेबलावर ठेवला, पण त्यावर फुली नव्हती. पत्र तिसऱ्या पानावर तळाशी, बाजारभावांच्या शेजारी होतं. मच्छिंद्रनं कात्री घेतली.

"भाऊसाहेब," बन्सी खाली वाकून म्हणाला, "ह्ये एक राहू द्या की. कुनाच्या ध्यानातबी यायचं न्हाई."

बन्सीचं खरं होतं. 'घोडकाठ'चं तिसरं पान कुणी वाचत नव्हतं. मच्छिंद्रनं चारी बाजूंनी सरळ कापलं, कागदावर डकवलं, समासात तारीख घातली. खाली, जिथं खुलासा असायचा तिथं लिहिलं, 'खुलासा करावयाचा नाही.' सही केली, आणि यावेळी फाईल स्वतः आत घेऊन गेला.

साहेबांनी ती वाचली. पंखा फिरत होता, कागदाची कड उडत होती. साहेबांनी ती बोटानं दाबून धरली होती. ओरडतील असं त्याला वाटलं होतं, ओरडले नाहीत.

"ती तुमची बहीण होती, हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर खुलासा दुसरा गेला असता का, साहेब?"

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, की मला हे वर पाठवावं लागेल. मच्छिंद्र म्हणाला, हो.

पुण्याच्या पेपरांनी त्या पत्राची एक ओळही घेतली नाही. आठ दिवसांत मच्छिंद्रला 'कारणे दाखवा' नोटीस आली, पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम. वेल्ह्याला, जुन्या दप्तरांच्या खोलीवर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती तिथं काढायची. नवीन माणसानं चार्ज घेतला तेव्हा त्याच्या कानात कुणी काही सांगितलं नाही. कचेरीतले लोक वाईट बोलत नव्हते; ते बोलतच नव्हते. जेवणाच्या सुट्टीत तो आला की बाकावरची माणसं डबे आवरायची. 'घोडकाठ' चार पानांचा दोन पानांचा झाला. आणि गडदेवस्तीला एक दिवसाआड टँकर जायला लागला, असं एके दिवशी बन्सीनं हळूच सांगितलं. तसा हुकूम कुणी काढला, ते कागदावर कुठं नव्हतं.

वेल्ह्याला जायच्या आदल्या दिवशी मच्छिंद्र वस्तीवर गेला. फाट्यावर उतरून माळ तुडवत गेला तेव्हा उन्हं कलली होती. शंभू अंगणात दोरी वळत बसला होता. मामाला बघून तो उभा राहिला. क्षणभर मच्छिंद्रला वाटलं, हा काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल. शंभूनं दोरी खुंटीला अडकवली, चपला पायात सरकवल्या आणि त्याच्या अंगावरून पलीकडच्या शेताकडं निघून गेला. जाताना त्यानं मागं बघितलं नाही.

हरिबा मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या वाघरीशी, कडुलिंबाखाली बसला होता. त्यानं हातानंच जागा दाखवली. तांब्या पुढं सरकवला. मच्छिंद्र पाणी प्यायला.

"शंभू म्हंतो, तूच लिवलं हुतंस."

"व्हय, दाजी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

हरिबानं काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, ती पायानं पुसली. "आन् त्ये मागनं आलं, त्ये?"

"त्येबी मीच."

"त्ये न्हाई वाचून दावलं शंभूनं मला. निस्ता रडला." हरिबानं मुंडाशाच्या पदरातून पेपरची घडी काढली. घामानं ती मऊ पडली होती. "वाच."

मच्छिंद्रनं घडी उलगडली. आपणच लिहिलेलं वाचायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. तिला चक्कर येत नव्हती, इथपर्यंत तो आला आणि थांबला. मग उरलेलं वाचलं.

"त्ये पयलं परत वाच."

"तिचं नाव म्हाळसा हरिबा गडदे."

"ह्ये छापलंय?"

"व्हय."

"पयल्या पेपरात हुतं?"

"न्हाई, दाजी. तवा नुसतं 'महिला' हुतं."

हरिबानं कागद आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला. त्याला एक अक्षरही येत नव्हतं. सारं पान त्याला सारखंच होतं. "कुठं हाय, दाव."

मच्छिंद्रनं बोट ठेवलं. हरिबानं त्याचं बोट बाजूला करून तिथं आपला अंगठा टेकवला. लोकरीचं तेल मुरलेला, नखाशी चिरलेला अंगठा.

"रेशनच्या दुकानात 'हरिबाची बायकू' म्हून पुकारायचे," तो म्हणाला. मग काही वेळानं, "आता तू जा, मच्छिंदर. शंभू यायच्या आत जा."

मच्छिंद्र उठला. पायांवर हात ठेवावा म्हणून वाकला, पण हरिबानं पाय ओढून घेतले. रागानं की संकोचानं, ते त्याला समजलं नाही. तो चालू लागला. फाट्यावरून संध्याकाळची एसटी सुटायला अजून अवकाश होता, आणि माळावर त्याच्याशिवाय चालणारं दुसरं कुणी नव्हतं.

वळणावर त्यानं मागं पाहिलं. मेंढरं वाघर ढकलून पलीकडच्या बांधाकडं निघाली होती, पण त्यांना वळवायला हरिबा उठला नव्हता. गुडघ्यावरच्या कागदावर टेकवलेला अंगठा त्यानं अजून हलवला नव्हता. उचलला असता, तर ते नाव त्याला परत सापडलं नसतं.